उलट्या जगाची व्यंगकथा

उलट्या जगाची व्यंगकथा : आपल्याकडच्या एखाद्या रूढ नियमाच्या नेमका उलटा नियम पाळणारा समाज कल्पून, त्याच्या आडून वाचकाच्या स्वतःच्या समाजावर बोट ठेवणारा अद्भुतकथेचा प्रकार. बहुतेकदा एखादा प्रवासी वाट चुकून किंवा स्वप्नात अशा देशात जाऊन पोहोचतो. तिथल्या रीती पाहून तो थक्क होतो आणि त्याला थक्क झालेला पाहून तिथले लोक चकित होतात.

नियम उलटा करणे सोपे असते. कस लागतो तो त्यापुढे. एकदा उलटा केलेला नियम मग शेवटपर्यंत इमानाने चालवावा लागतो : तो मोडणाऱ्याला शिक्षा काय, शेजारी कशावरून नावे ठेवतात, लाज कशाची वाटते, हे सगळे त्या नियमातूनच निघाले पाहिजे. टॉमस मोर यांच्या ‘युटोपिया’त (१५१६) सोन्याला किंमत नाही, त्याची शौचपात्रे आणि गुलामांच्या बेड्या करतात. तिथे परदेशी राजदूत सोन्याने मढून येतात. लोक त्यांच्या साध्या कपड्यांतल्या नोकरांना मुजरे करतात आणि राजदूतांना गुलाम समजून त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वर त्यांच्या गळ्यातल्या साखळ्या फारच नाजूक आहेत, गुलाम त्या सहज तोडून पळेल, अशी खोडही काढतात. या एका शेऱ्याने तो देश खरा वाटू लागतो.

या प्रकाराचा सर्वांत पूर्ण नमुना म्हणजे सॅम्युएल बटलर यांची ‘एरेव्हॉन’ ही कादंबरी. १८७२ साली ती लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. ‘नोव्हेअर’, म्हणजे ‘कुठेच नाही’, हा इंग्रजी शब्द जवळजवळ उलटा लिहून हे नाव केले आहे; पात्रांची नावेही तशीच, रॉबिन्सनचा नोस्निबॉर आणि मेरीची यरम. बटलर न्यूझीलंडमध्ये मेंढपाळीचा व्यवसाय करत होते, आणि कादंबरीतले डोंगर तिथलेच आहेत. एरेव्हॉनमध्ये आजारी पडणे हा गुन्हा आहे आणि अफरातफर हा आजार. अफरातफर केलेल्या गृहस्थाच्या घरी ओळखीचे लोक तब्येतीची चौकशी करायला येतात, ‘सरळ करणारा’ वैद्य त्याला दूध-पाव आणि फटके लिहून देतो. इकडे क्षयाच्या आरोपावरून एका तरुणाला कोर्टात उभे केले जाते. आईबापांकडूनच नाजूक प्रकृती मिळाली, असे तो विनवतो. न्यायाधीश म्हणतात, तुम्ही असे कशामुळे झालात हा प्रश्न नाही, तुम्ही दोषी आहात की नाही एवढेच पाहायचे. शिक्षा होते जन्मभर सक्तमजुरीची. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणून वाचक चिडतो; पण गरिबीत वाढलेल्या चोराला शिक्षा सुनावताना आपल्या जगातले न्यायाधीशही हेच बोलतात, हे त्याला थोड्या वेळाने उमगते. न्यायाधीशाच्या तोंडी बटलर यांनी एकही विचित्र शब्द घातलेला नाही, आणि माझ्या मते कादंबरीचे सगळे बळ तिथेच आहे.

स्त्री-पुरुषांच्या भूमिकांची अदलाबदल ही या प्रकारातली सर्वांत जुनी आणि सर्वांत चाललेली वाट. मात्र उलटा समाज दिसला की व्यंगकथा झाली, असे नाही. नाथपंथी कथांमधले स्त्रीराज्य मच्छिंद्रनाथांना गुंतवणारा मोह म्हणून येते आणि गोरखनाथ त्यांना तिथून सोडवून आणतात. ऐकणाऱ्याच्या घरातल्या व्यवस्थेला ती कथा हात लावत नाही. रुकैया सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’ या इंग्रजी कथेत (१९०५, मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध) मात्र नेमका त्या व्यवस्थेलाच हात घातलेला आहे. तिथे पुरुष मर्दान्यात बंद आहेत आणि स्त्रिया उन्हाच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, विद्यापीठे चालवतात, राज्य करतात. पडद्यात वाढलेली सुलताना भर दिवसा रस्त्याने चालताना अवघडते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिला हसतात. तू पुरुषी दिसतेस म्हणतात, असे सोबतची बाई सांगते. पुरुषी म्हणजे? तर पुरुषांसारखी लाजरीबुजरी. एका विशेषणाचा अर्थ फिरतो आणि त्यासरशी सगळा देश डोळ्यांपुढे उभा राहतो. ज्यांच्यापासून धोका आहे त्यांना मोकळे सोडून निरपराध बायकांना का कोंडता, हा तिथला प्रश्न आजही कुठे जुना झालेला नाही. रुकैया यांनी पुढे १९११ साली कलकत्त्यात मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा कथेतली विद्यापीठे त्यांनी नुसती गंमत म्हणून रचली नव्हती.

नॉर्वेच्या गेर्ड ब्रँटेनबर्ग यांनी ‘एगालियास डेट्रे’ (१९७७) या कादंबरीत हीच अदलाबदल भाषेत खोलवर नेली : मूळ शब्द स्त्रीचा आणि पुरुषाचा त्यावरून साधलेला.

या प्रकाराला एक धोका कायम असतो. लेखक कुणाला हसतो आहे, हे कथेत कुठेच सरळ सांगितलेले नसते, त्यामुळे वाचक भलत्यालाच हसू शकतो. एरेव्हॉनच्या लोकांनी, यंत्रे उत्क्रांत होत एक दिवस माणसावर राज्य करतील या भीतीने, मागच्या २७१ वर्षांतली सगळी यंत्रे मोडून टाकलेली असतात. प्रवाशाकडे घड्याळ सापडले म्हणून त्याला कैद होते. ही प्रकरणे वाचून काही समीक्षकांना वाटले, की बटलर डार्विन यांच्या सिद्धांताची टर उडवत आहेत. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बटलर यांना लिहावे लागले, की तसे काहीही त्यांच्या मनात नव्हते.