मातृत्वकथन

मातृत्वकथन : आईपणाचा स्वतःचा अनुभव ‘मी’ म्हणून लिहून प्रसिद्ध करण्याचा लेखनप्रकार. गरोदरपण, बाळंतपण, अंगावर पाजणे, दत्तक घेणे, गर्भपात, मृत बाळाचा जन्म, आजारी किंवा अपंग मुलाचे संगोपन, मूल मोठे होऊन घराबाहेर पडणे, हे सगळे त्याच्या कक्षेत येते. बालसंगोपनावरचे सल्ल्याचे पुस्तक यात मोडत नाही. तिथे काय करावे ते सांगायचे असते, इथे काय झाले ते. कथा-कादंबरीहून हा प्रकार वेगळा, कारण ‘हे घडलेले आहे’ असा शब्द लेखिकेने वाचकाला दिलेला असतो. एरवीच्या आत्मकथनाहूनही तो वेगळा आहे. इथल्या दुसऱ्या मुख्य पात्राला, म्हणजे मुलाला, लिहिण्याच्या वेळी बहुधा बोलता येत नसते, वाचता येत नसते आणि हो-नाही म्हणता येत नसते. या लेखनातल्या बहुतेक अडचणी, अगदी वाक्यरचनेच्यासुद्धा, इथूनच सुरू होतात.

पूर्वपीठिका

फ्रँकिश साम्राज्यातल्या (आजचा फ्रान्स-जर्मनीचा परिसर) उमराव घराण्यातील धुओदा हिने ३० नोव्हेंबर ८४१ ते २ फेब्रुवारी ८४३ या काळात थोरला मुलगा विल्यम याच्यासाठी लॅटिनमध्ये बोधग्रंथ लिहिला. दोन्ही मुलगे तिच्यापासून दूर नेलेले होते. धाकट्याला तर बाप्तिस्म्याआधीच नेले होते. त्याचे नाव काय ठेवले हे लिहितानाही तिला ठाऊक नव्हते आणि तसे ती ग्रंथात सांगते. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ जोसलिन हिने १६२२ साली गरोदर असताना, आपण वाचणार नाही या भीतीने, होणाऱ्या बाळासाठी उपदेशपर मजकूर लिहून ठेवला. बाळंतपणानंतर नऊ दिवसांनी ती गेली. मजकूर १६२४ मध्ये छापला गेला. ही दोन्ही पुस्तके आईने मुलासाठी लिहिलेली आहेत. आई स्वतःविषयी लिहू लागली ती बरीच नंतर. चोरून वाचायला शिकलेल्या राससुंदरी देवींचे बंगालीतील ‘आमार जीबन’ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मुले आणि घरकाम यांत बुडालेला दिवस कसा जातो हे, जेवायलाही सवड न मिळण्यापर्यंत, तपशिलाने येते.

विसाव्या शतकातला मोठा टप्पा म्हणजे अमेरिकन कवयित्री एड्रिएन रिच यांचे १९७६ मधील ‘ऑफ वुमन बॉर्न’. आईपणाचा अनुभव आणि समाजाने उभी केलेली आईपणाची संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही मांडणी त्यांनी स्वतःच्या जुन्या दैनंदिनीतले कटू उतारे देऊन केली. २००१ मध्ये ब्रिटिश लेखिका रेचल कस्क यांनी आईपणाच्या पहिल्या वर्षाचा कोंडमारा सौम्य न करता लिहिला आणि त्यांच्यावर कडक टीका झाली. त्यातली बरीच लेखनावर नसून त्या आई म्हणून कशा आहेत यावर होती. ही जोखीम आजही तशीच आहे. ॲन लमॉट यांचे उदाहरण वेगळे. मुलाच्या पहिल्या वर्षाची दैनंदिनी त्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१२ मध्ये नातवाच्या पहिल्या वर्षावरचे पुस्तक लिहिताना तोच मुलगा सहलेखक होता. ज्याच्याविषयी लिहिले त्याच्या हाती पुढे लेखणी आली, असे क्वचित घडते.

सामग्री

बाळंतपणानंतरचे पहिले महिने नीट आठवत नाहीत, असे बहुतेक आया सांगतात. नवजात बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा दूध पिते; इतक्या तुटक झोपेत आठवणी पक्क्या होत नाहीत. म्हणून सुरुवात टिपणांपासून करावी, आणि टिपण जितके रुक्ष तितके कामाचे. ‘आज फार रडू आलं’ या नोंदीचे वर्षभराने काहीच करता येत नाही. ‘पहाटे ४.१०, खिडकीपाशी, शेजारच्यांचा गजर वाजून बंद, बाळाची टाळू थंड’ या नोंदीतून अख्खा प्रसंग परत उभा राहतो. हात मोकळे नसतात तेव्हा मोबाइलवर बोलून ठेवावे, पण आठवड्याच्या आत ते उतरवून घ्यावे. महिन्याभराने आपलेच अर्धवट बोलणे आपल्याला लागत नाही.

टिपणे नसतील तर घरच्यांशी झालेले संदेश, लसीकरणाचे कार्ड आणि दवाखान्यातून सुट्टी देताना मिळालेला कागद यांवरून कालक्रम लावता येतो. फोटोवर विसंबताना कॅमेऱ्यातली मूळ फाइल पाहावी. मेसेजमधून आलेल्या प्रतीत काढल्याची वेळ बहुधा गळून पडलेली असते आणि दिसते ती ती प्रत आपल्याकडे आल्याची. कागद आणि आठवण यांचा मेळ बसला नाही, म्हणजे कळा वीस तास चालल्यासारख्या आठवतात आणि कागद नऊ तास सांगतो, तर दोन्ही लिहावे. आकडा कागदाचा घ्यावा आणि वीस तास का वाटले ते प्रसंगातून दाखवावे.

प्रसंगाची निवड आणि खर्डा

नियतकालिकातला किंवा संग्रहातला लेख साधारण १,२०० ते १,८०० शब्दांचा असतो. त्यात एक प्रसंग मावतो, फार तर एक रात्र. नवोदितांच्या लेखनातली नेहमीची चूक म्हणजे चाचणीच्या दोन रेघांपासून पहिल्या वाढदिवसापर्यंत सगळे घालणे. हिशेब केला तर वीस-एकवीस महिने आणि १,५०० शब्द, म्हणजे महिन्याला सत्तर-एक शब्द. तेवढ्यात नुसती यादी होते. पूर्ण पुस्तक ५० ते ७० हजार शब्दांपर्यंत जाते, पण तेही निवडक प्रसंगांवरच उभे असते.

लेखात दोन ‘मी’ असतात, तेव्हाची आणि आताची. तेव्हाचीला पुढचे माहीत नसते. आताचीला एखादी तरी गोष्ट जास्त कळलेली असावी लागते. ती कळलेली नसेल तर तो लेख अजून तयार नाही, खर्डा बाजूला ठेवावा. पहिला खर्डा बाळ झोपल्यावर मिळणाऱ्या वीस-वीस मिनिटांत उरकणे शक्य असते. दुसऱ्यासाठी मात्र सलग दीड-दोन तास लागतात, कारण त्यात क्रम बदलायचा असतो. दोहोंमध्ये निदान तीन आठवडे जाऊ द्यावेत.

खर्ड्यातले वाक्य बहुधा असे असते : ‘ती रात्र मी कधीच विसरणार नाही, खूप त्रास झाला आणि मी अगदी एकटी पडले.’ दुरुस्तीनंतर : ‘तिसऱ्यांदा लंगोट बदलला तेव्हा दोन चाळीस झाले होते. दिवा लावला तर बाळ पुरतं जागं होईल म्हणून मोबाइल दातात धरून मी त्याच्या उजेडात गाठ शोधत होते. पलंगाच्या दुसऱ्या टोकाला घोरणं थांबलं, कूस बदलली, पुन्हा सुरू झालं.’ इथे ‘एकटी’ हा शब्दच नाही. पण मूळ वाक्यातली तक्रार पुसून न जाता उलट पक्की झाली आहे.

शेवटाबद्दल एक इशारा. ‘पण तो इवलासा चेहरा पाहिला आणि मी सगळं विसरले’ हे वाक्य संपादकांनी इतक्यांदा वाचलेले असते की ते दिसताच लेख खाली ठेवला जातो. शिवाय ते खोटे आहे. सगळे विसरली असती तर आधीचे चौदाशे शब्द कुठून आले?

मुलाचा वाटा

आईचे दुखणे, राग, ऊब, कंटाळा हे तिचे आहे आणि ते लिहायला तिला कुणाची परवानगी नको. मुलाचा आजार, वर्गातली फजिती, अंथरूण ओले होणे, वयात येणे हे मुलाचे. ही रेघ आधीच आखून घेतली तर पुढचे पुष्कळ प्रश्न सुटतात. जन्मतारीख, शाळा, पूर्ण नाव आणि अंघोळीचे वर्णन यांनी लेखाला काही मिळत नाही. पंधरा वर्षांचे झालेले मूल हा परिच्छेद वर्गमित्रांसमोर मोठ्याने वाचला गेला तर काय करेल, ही साधी कसोटी पुरते.

मराठीत एक सोय आयती आहे. ‘बाळ’, ‘मूल’, ‘लेकरू’ हे शब्द नपुंसकलिंगी असल्याने ‘ते उठलं, त्याने डोळे उघडले’ असे लिहीत अख्खा लेख मुलगा की मुलगी हे न सांगता पार पडतो आणि कुठे लपवल्यासारखे वाटत नाही. मूल दोन-अडीच वर्षांचे होईपर्यंत हे चालते; बोलत्या, पळत्या मुलाला सतत ‘ते’ म्हटले की कानाला खटकू लागते. अनुवादात ही सोय हमखास जाते. आईला मात्र असा आडोसा नाही : ‘मी उठले’ म्हणताच ती उघडी पडते.

जाणत्या लेखिका साधारण सातव्या-आठव्या वर्षापासून मुलाला त्याच्यावरचा मजकूर वाचून दाखवतात आणि किशोरवयात त्याला नकाराधिकार देतात. परवानगी दोनदा घ्यावी, खर्ड्यावर आणि छपाईआधीच्या मुद्रितावर. मधल्या काळात मत बदललेले असू शकते. कायदाही या दिशेने सरकतो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम १६ मुलाच्या खाजगीपणाचे रक्षण करते. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या प्रतिमाहक्कासंबंधी कायदा करून आईवडिलांवर त्याची जबाबदारी टाकली. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून, पालकांच्या ऑनलाइन चित्रफितींत वारंवार दिसणाऱ्या मुलांसाठी उत्पन्नातला हिस्सा राखून ठेवावा लागतो. हा शेवटचा नियम चित्रफितींपुरता आहे, लेखनाला लागू नाही.

मोठ्या माणसांचे प्रश्न वेगळे. नवरा, आई, सासू, परिचारिका यांपैकी कुणी खलनायक होत असेल तर त्या व्यक्तीचे एक तरी वाक्य असे ठेवावे की ज्यात तिचे बरोबर आहे. ही उदारता नाही. त्याशिवाय वाचक कथनकर्तीवर विश्वास ठेवत नाही. दवाखान्याविषयी गाऱ्हाणे असेल तर ते लेखी तक्रारीत मांडावे. लेखात नाव बदलले तरी वर्णनावरून माणूस ओळखू येत असेल तर बदनामीचा दावा होऊ शकतो.

लेखनाचा ताण

बाळंतपणानंतरचे रडवेपण सहसा दोन आठवड्यांत ओसरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के मानसिक आजारातून, मुख्यतः नैराश्यातून जातात. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटे क्लेशदायक अनुभवावर लिहायला सांगितले होते. पुढे काही महिन्यांत आजारपण कमी दिसले, पण लिहिल्या-लिहिल्या मन अधिकच खिन्न होत असे. मृत बाळाविषयी लिहिणारीने हे धरून चालावे आणि लिहून झाल्यावर लगेच एकटी राहू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर आधी डॉक्टर, लेख नंतर.

प्रसिद्धी

लेख युनिकोडमध्ये, दीड ओळीचे अंतर ठेवून, संपादकाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पत्रासह पाठवावा. उत्तराला दोन-तीन महिने लागणे नेहमीचे आहे. तोवर तोच मजकूर दुसरीकडे न सांगता देऊ नये. स्वामित्वहक्क लिहिणारीकडेच जन्मतः असतो. प्रकाशकाला द्यायचा तो ठरावीक वापराचा परवाना : प्रथम प्रसिद्धी, किती काळ दुसरीकडे द्यायचे नाही, पुनर्मुद्रण, अनुवाद, ध्वनिमुद्रण. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ अशी ओळ दिसली तर सही करू नये, कारण पुढे मुलाने काही काढून टाकायला सांगितले तर तो अधिकारच उरत नाही. लेखात अंगाई असेल तर पारंपरिक चालते. गीतकाराच्या ओळींना परवानगी लागते. सोबत द्यायच्या फोटोचा हक्क सहसा फोटो काढणाऱ्याचा असतो, त्यात दिसणारीचा नाही.

छपाईत दोन ठिकाणी घात होतो. एक, युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये उतरवताना ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि रफार तुटतात; ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘गर्भ’ हे शब्द मुद्रितात मुद्दाम शोधून पाहावेत. दोन, नावे बदलताना यंत्राला सरसकट बदल सांगितला जातो. ‘जय’च्या जागी ‘नील’ घातले की मामा ‘विजय’चा ‘विनील’ होतो. उलट प्रकारही घडतो : आतल्या दोनशे पानांत मुलाचे नाव काटेकोरपणे झाकलेले आणि अर्पणपत्रिकेत खरे, लाडक्या नावासकट छापलेले. म्हणून ऋणनिर्देश, फोटोखालच्या ओळी, लेखक-परिचय आणि मलपृष्ठ शेवटी वेगळे वाचतात, शक्यतो घराबाहेरच्या माणसाकडून.

टोपणनाव घ्यायचे तर करार खऱ्या नावाने आणि छपाई टोपणनावाने, असे लेखी ठरवावे. लेख आपणच नातेवाइकांना पाठवला की टोपणनाव त्या संध्याकाळीच निकामी होते. ई-पुस्तकाची फाइल विक्रीच्या ठिकाणी बदलता येते, पण उतरवून घेतलेल्या प्रती परत येत नाहीत. छापील पुस्तकात दुरुस्ती पुढच्या मुद्रणातच होते. पुढील मुद्रणात मुलाविषयीचा मजकूर बदलण्याचा वा गाळण्याचा हक्क करारात लिहून घ्यावा आणि लेख कुठे, कोणत्या अंकात, कोणत्या नावाने आला याची नोंद ठेवावी. दहा वर्षांनी काही काढायची वेळ आली तर तीच लागते.