दोन ओहम म्हणजे शॉर्ट नव्हे

एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला की ‘कॉम्प्रेसर गेला, बदलावा लागेल’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. पुरावा म्हणून मल्टिमीटर समोर धरला जातो. त्यावर दोन ओहम रोध दिसतो. ‘बघा, जवळजवळ शून्य. वाइंडिंग शॉर्ट आहे.’ म्हणजे कॉम्प्रेसरच्या मोटरमधली तारेची वेटोळी आपसांत चिकटलीत. ओहमचा नियम आठवत असेल तर हे पटतंही, कारण 230 व्होल्ट भागिले 2 ओहम म्हणजे 115 अँपिअर. एवढ्या प्रवाहाला 20 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाहाला आपोआप बंद होणारा स्विच, पडलाच पाहिजे. गंमत अशी, की दीड टनाच्या साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या, धडधाकट एसीतही रीडिंग साधारण असंच येतं आणि तो चालताना घेतो जेमतेम सात-आठ अँपिअर. मग बाकीचे शंभर कोण अडवतं?

मल्टिमीटर बॅटरीचा एका दिशेचा प्रवाह सोडतो, त्यामुळे त्याला कळतो तो फक्त तांब्याच्या तारेचा रोध. घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते. प्रवाह बदलला की चुंबकक्षेत्र बदलतं, आणि बदलतं क्षेत्र त्याच तारेत उलट दिशेचं व्होल्टेज उभं करतं. मायकेल फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. बाहेरून येणाऱ्या 230 व्होल्टना बहुतांशी हे उलट व्होल्टेजच थोपवतं.

पण त्यासाठी मोटरचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, फिरत असायला हवा. रोटरमध्ये गुंडाळलेली तार नसते. धातूच्या पट्ट्या असतात, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या. दोन ध्रुवांच्या मोटरमध्ये क्षेत्र मिनिटाला 3000 फेरे मारतं आणि रोटर 2850च्या आसपास त्याच्या मागे धावतो. अंतर थोडं, म्हणून पट्ट्यांतला प्रवाहही बेताचा. रोटर जागीच अडकला तर पट्ट्यांत प्रचंड प्रवाह उसळतो, तो मूळ क्षेत्राला खोडत जातो, उलट व्होल्टेज ढासळतं आणि वाइंडिंगमधला प्रवाह पाच-सहा पटींनी चढतो. 40 अँपिअर धरा. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 40 × 40 × 2 = 3200 वॅट. एका सीलबंद डब्यात तीन इस्त्र्या!

इथे ओव्हरलोड कामाला येतो. दोन धातूंची ही चकती तापली की वाकते आणि परिपथ तोडते. कुठे ती टर्मिनलच्या झाकणाखाली असते, कुठे आत वाइंडिंगलाच चिकटलेली. साध्या कॉम्प्रेसरला तीन टर्मिनल असतात: कॉमन, रन आणि स्टार्ट. रन वाइंडिंगची तार जाड, म्हणून कॉमन-रन रीडिंग बहुधा सर्वांत कमी, समजा 2 ओहम. कॉमन-स्टार्ट समजा 3. रन-स्टार्ट मोजताना दोन्ही वाइंडिंग एकापाठोपाठ येतात, म्हणून 5. बेरीज जुळली पाहिजे. (मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी वजा करा, दोन ओहम मोजताना तोही जाणवतो.)

आता समजा कॉमनकडून दोन्ही रीडिंग ‘ओपन’, म्हणजे वाट तुटलेली, आली, पण रन-स्टार्ट 5 ओहमच दाखवतंय. वाइंडिंग तुटली असती तर हे पाच आले नसते. म्हणजे आतल्या, कॉमनच्या वाटेवरच्या ओव्हरलोडनं दार लावलंय. बहुधा कॉम्प्रेसर फक्त तापलाय. थंड व्हायला तास-दोन तास द्या, मग पुन्हा मोजा.

तो तापला का, हे वेगळं शोधावं लागतं. गॅस कमी झाला की मोटरला मिळणारा थंडावा घटतो. त्याहून स्वस्तातला गुन्हेगार म्हणजे कपॅसिटर, विद्युतभार साठवणारा छोटा डबा. एकट्या रन वाइंडिंगचं क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी वर-खाली होतं. स्टार्ट वाइंडिंगमधला प्रवाह कपॅसिटरमुळे कालदृष्ट्या जवळपास पाव आवर्तन पुढे सरकतो, तेव्हा कुठे दोन्ही मिळून फिरतं क्षेत्र तयार होतं. कपॅसिटर मेला की मोटर फिरत नाही, नुसती घूं-घूं करते, आणि वरचं तीन इस्त्र्यांचं गणित सुरू होतं.

मल्टिमीटरच्याही मर्यादा आहेत. वाइंडिंगचे दोन-चार वेढे आपसांत चिकटले तर रोधात पडणारा फरक त्याला दिसत नाही. तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, कमकुवत झालं असेल तर मीटरच्या थोड्याशा व्होल्टेजला ते दाद देत नाही; त्यासाठी 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन रोध मोजणारं यंत्र, लावून टर्मिनल आणि बॉडी यांच्यातला रोध मेगओहममध्ये मोजतात. सिस्टिममध्ये व्हॅक्यूम ओढलेला असताना मात्र मेगर लावायचा नसतो, कारण विरळ वायूत ठिणगी सहज उडते आणि चांगली वाइंडिंग तपासता तपासता जाते. थोडक्यात, मल्टिमीटर वाइंडिंग तुटल्याचं खात्रीनं सांगू शकतो, निरोगी असल्याचं नाही.

हे घरी करून बघू नका. एमसीबी बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो, आणि टर्मिनलमागे दाबाखालचा वायू असतो. खराब टर्मिनल कधीकधी उडून येतं, म्हणून जाणकार वायरच्या दुसऱ्या टोकाला मोजतात. बऱ्याच एसींत गारव्यासाठी भरलेला आर-32 वायू तर थोडाफार ज्वलनशीलही आहे.

इन्व्हर्टर एसीत हे बेरजेचं गणितच नाही. तिथे तीन फेजची मोटर असते, यू, व्ही आणि डब्ल्यू या टर्मिनलांमधली तिन्ही रीडिंग सारखी यायला हवीत. ती सारखी असूनही कॉम्प्रेसर फिरत नसेल, तर आधी बाहेरच्या युनिटमधला पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, तपासायला सांगा.