मागच्या काचेचं पाणी कुठे अडतं?

पावसाळ्यात इगतपुरीहून नाशिकला येताना घोटी मागे पडली की पाऊस ओसरतो. विल्होळीपर्यंत तर पुढची काच लख्ख झालेली असते. पण आरशात बघावं तर मागची काच चिखलाने पार आंधळी! जुलैत माझं हेच झालं. मागचा वायपर चालू केला, तो फिरला, पण पाणी आलं नाही. कोरडी रबरी पट्टी चिखलावरून फिरली आणि होतं नव्हतं ते दिसणंही गेलं. मागून येणारा ट्रक फक्त दोन पिवळे डाग होऊन दिसत होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये निदान झालं, "मागचा पंप गेला. नवा टाकावा लागेल."

"पण पुढच्या काचेवर पाणी व्यवस्थित येतंय."

"तो पुढचा पंप, साहेब. हा मागचा."

हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे आणि पुष्कळशा हॅचबॅक गाड्यांच्या बाबतीत ते चूक आहे. त्या गाड्यांना मागचा असा वेगळा पंप नसतोच. बॉनेटखाली पाण्याची एक टाकी, तिच्या तळाशी एक पंप, आणि त्या पंपाला दोन तोंडं.

आधी घाणीचं बघू. गोदावरीला पूर आला की नाशिकला नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीमागे पाणी उलटं फिरताना दिसतं, काडीकचरा तिथेच घुटमळत राहतो. धावत्या गाडीमागे हवेचं तसंच होतं. हॅचबॅकची पाठ उभी कापल्यासारखी असते. छतावरून आलेली हवा तिथे वळू शकत नाही, ती काचेपासून सुटते. मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल, धूळ, तुषार त्यात ओढले जाऊन काचेवर बसतात. सेदान गाडीची मागची काच उतरती असते, हवा बरीचशी तिला धरूनच घसरते, म्हणून बहुतेक सेदानना मागे वायपर दिलेला नसतो. हॅचबॅकवरचा तो वायपर शोभेचा नाही.

आता पंप. हे यंत्र मला मनापासून आवडतं, त्यामुळे थोडं सविस्तर सांगणार आहे.

आत १२ व्होल्टची लहानशी डीसी मोटर असते आणि मोटरीत कायमचुंबक. दहावीतला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवा: चुंबकीय क्षेत्र तेच ठेवून विद्युतधारेची दिशा उलटवली, तर तारेवरच्या बलाची दिशाही उलटते. म्हणजे मोटरीच्या दोन वायरींची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. घरातल्या पंख्याच्या पिनेतल्या वायरी बदलून असं होत नाही, कारण तिथली एसी धारा स्वतःच सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होत असते आणि पंख्याची दिशा आतल्या वेटोळ्यांच्या जोडणीवर ठरते. गाडीत मात्र स्टिअरिंगजवळची दांडी एका बाजूला हलवली की पंपाच्या पहिल्या वायरीला १२ व्होल्ट मिळतात आणि दुसरी 'अर्थ' होते, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली जाते. दांडी दुसऱ्या बाजूला हलवली की याच्या उलट. मोटर तीच, फक्त एकदा उजवीकडे फिरते आणि एकदा डावीकडे.

मोटरीच्या टोकाला पाती असलेली चकती बसवलेली असते. ताक घुसळायची रवी डोळ्यासमोर आणा. दोरीचं एक टोक ओढलं की रवी इकडे फिरते, दुसरं ओढलं की तिकडे, आणि ताक दोन्ही वेळा सारखंच घुसळलं जातं, कारण रवीच्या पाकळ्या सरळ असतात. या चकतीची पातीही तशीच सरळ असतात. चकती फिरते, पाणी कडेला फेकलं जातं आणि तिच्याच दिशेने गरगरू लागतं. कडेला दोन तोंडं आहेत. एक अशा कोनात, की घड्याळाच्या दिशेने गरगरणारं पाणी थेट त्यात घुसावं. दुसरं त्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं. ज्या तोंडावर पाणी समोरून आदळतं तिथे दाब वाढतो, दुसऱ्यापाशी तो कमी राहतो.

पण नुसता कमी दाब पुरत नाही. दुसऱ्या तोंडातूनही थोडं पाणी गळत राहिलं असतं. म्हणून दोन्ही वाटांच्या मध्ये एक रबरी पडदा ताणलेला असतो. जास्त दाबाची बाजू त्याला ढकलते, तो पलीकडच्या वाटेच्या तोंडावर जाऊन बसतो आणि ती वाट बंद करतो. समजा पडदा एक चौरस सेंटिमीटरचा आहे आणि दोन बाजूंच्या दाबांत अर्ध्या बारचा, म्हणजे ५०,००० पास्कलचा फरक आहे. क्षेत्रफळाने गुणलं की बल येतं ५ न्यूटन, जवळजवळ अर्धा किलो वजनाएवढं. एवढं बल रबराला तोंडावर घट्ट दाबून धरायला पुरे. मोटर थांबली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि पडदा मध्ये परत येतो. पाणी कुठे जायचं ते ठरवायला इथे सेन्सर नाही, वेगळी विजेची झडपही नाही. पाणी स्वतःच्या दाबाने नको ती वाट बंद करून घेतं!

हे कळलं की निदान सोपं होतं. (काही गाड्यांत खरोखरच दोन पंप असतात. टाकीशी दोन मोटरी, दोन प्लग दिसले तर वेगळा विचार करायचा.) इंजिन बंद, इग्निशन चालू, एसीचा पंखा आणि गाणी बंद. मागचं पाणी सोडायची दांडी हलवायची आणि कान द्यायचा. पुढच्या काचेचं पाणी सोडताना घूं आवाज येतो आणि मागच्या काचेचं सोडताना अजिबात नाही, तर पंप ठीक आहे, दोष दांडीच्या स्विचात किंवा वायरीत. दोन्ही वेळा आवाज नाही, तर आधी फ्यूज बघा. मागचं दाबल्यावर पुढच्या काचेवर पाणी आलं, तर पडदा चिकटला किंवा फाटला. आवाज येतो पण पाणी कुठेच दिसत नाही, तर डिकीजवळचं छताचं अस्तर हाताने चाचपा. ओलं लागलं तर नळी सांध्यातून निसटली आहे. टाकी रिकामी असताना मात्र दांडी धरून ठेवू नका, कोरडा फिरलेला पंप लवकर झिजतो.

माझ्या गाडीत आवाज येत होता आणि अस्तर कोरडं होतं. डिकीच्या आतलं झाकण काढून नोझलपाशी, म्हणजे काचेवर पाणी फवारणाऱ्या टोकापाशी, नळी सोडवली, बायकोला दांडी दाबायला सांगितली. नळीतून धार सरळ माझ्या शर्टावर आली. पंप ठणठणीत. नोझल उजेडात धरलं तर भोकात पांढरा खडा, टाचणीच्या डोक्याएवढा.

तो खडा आमच्या बोअरवेलचा. नाशिक बेसाल्टवर वसलं आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या खडकाच्या फटींतून झिरपतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून आणतं. नोझलच्या तोंडाशी उरलेला थेंब उन्हात सुकला की कॅल्शियम बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे बादलीच्या कडेला बसतो तोच क्षार. दर वापरामागे एक थेंब, आणि मागचं नोझल मध्ये महिनोन् महिने वापरात नसतं. पाइपावर चुंबकाची पट्टी बांधली की बोअरचं पाणी मऊ होतं, असं सांगून ती पट्टी विकणारे आमच्या सोसायटीतही येऊन गेले. चुंबकाने पाण्यातलं कॅल्शियम निघून जात नाही. पट्टीच्या आधीचं आणि नंतरचं पाणी दोन बाटल्यांत घ्या, अंगाच्या साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवा, आणि फेस बघून मगच पैसे द्या. आरओ यंत्र वाया म्हणून बाहेर टाकतं ते पाणीही टाकीत नको, त्यात क्षार उलट जास्त असतात. घरच्या एसीतून ठिबकणारं पाणी मात्र गाळून वापरा. ते हवेतल्या बाष्पाचं बनलेलं असल्याने त्यात क्षार जवळपास नसतातच.

वायपरच फिरत नसेल तर दोन जागा बघायच्या. डिकीच्या बिजागरीजवळ रबरी नळकांड्यातून वायरी जातात आणि उघडझाप होऊन आतल्या आत तुटतात. डिकी हलवताना नंबरप्लेटचा दिवाही मिणमिणत असेल तर हेच कारण. आणि मोटर घुमते पण वायपरचा हात जागचा हलत नाही, तर हाताच्या बुडाचा नट सैल आहे किंवा आतल्या खाचा झिजल्या आहेत.

माझं नोझल वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकलं. लगेच बुडबुडे सुटले, कार्बन डायऑक्साइड हवेत परत निघाला. रात्रभर ठेवून सकाळी धुतलं, बसवलं आणि दांडी दाबून आकडे मोजायला लागलो. नळी चार मीटर लांब आणि आतून चार मिलिमीटर रुंद धरली तर तिच्यात सुमारे ५० मिलिलिटर पाणी मावतं, जवळपास एक कटिंग चहा. ती रिकामी असल्याने पहिल्यांदा फवाऱ्याला वेळ लागला. दुसऱ्यांदा एक म्हणेपर्यंत आला, कारण वाटेतली एकमार्गी झडप नळीतलं पाणी मागे जाऊ देत नाही. आता दर रविवारी गाडी धुताना मोजतो. आकडा वाढायला लागला की ती झडप गळतेय असं समजायचं.