पाच मिनिटं उशिरा आलं, तरी पहिलं

बेल्जियममधली एक शर्यत डोळ्यांसमोर आणा. सकाळी सातच्या ठोक्याला फ्रान्समधल्या एका मैदानातून हजारो कबुतरं एकदम सोडली. दुपारी १२ वाजून ४३ मिनिटं १२ सेकंदांनी एक कबुतर आपल्या ढाबळीत शिरलं. दुसऱ्या एका गावातलं कबुतर घरी पोचलं १२ वाजून ४८ मिनिटं ३९ सेकंदांनी, म्हणजे जवळजवळ साडेपाच मिनिटं मागाहून. संध्याकाळी निकाल लागला, तेव्हा हे मागाहून आलेलं कबुतर वर होतं. हे आकडे मी हिशेबासाठी घेतले आहेत, पण असे निकाल या खेळात नेहमी लागतात आणि त्यांत कुठलीही गडबड नसते.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात कबुतरं उडवणाऱ्यांच्या स्पर्धा असतात, त्यांत कबुतर किती तास आकाशात टिकलं ते मोजतात. तिथे घड्याळ पुरतं. युरोपातल्या शर्यतीचा मामला वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये रुजलेल्या या खेळात कबुतरं सुटतात एकाच जागेवरून, पण प्रत्येक कबुतर जातं आपापल्या घरी. अंतिम रेषा अशी नाहीच. जितक्या ढाबळी, तितक्या रेषा. मग तुलना करायची कशी? अंतराला वेळेने भागायचं आणि वेग काढायचा. बेल्जियममध्ये तो मिनिटाला किती मीटर असा मांडतात, ब्रिटन-अमेरिकेत मिनिटाला किती यार्ड असा.

पहिल्या कबुतराची ढाबळ ४१२.३५० किलोमीटरवर आहे असं धरू. त्याला लागली ३४३.२ मिनिटं. वेग आला मिनिटाला १२०१.४८६ मीटर. दुसऱ्याची ढाबळ ४१८.९१० किलोमीटरवर, वेळ ३४८.६५ मिनिटं, वेग १२०१.५२० मीटर. दुसरं जिंकलं. पण तेच कबुतर एक सेकंद उशिरा शिरलं असतं, तर वेग १२०१.४६३ झाला असता आणि ते हरलं असतं. जवळपास सहा तासांच्या उड्डाणाचा फैसला एका सेकंदात झाला.

ही झाली वेळेची बाजू. मला या खेळात जास्त गुंतवून ठेवते ती अंतराची बाजू, कारण तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. मिनिटाला १२०० मीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. त्यामुळे अंतर मोजताना झालेली २० मीटरची चूक आणि घड्याळातली एका सेकंदाची चूक यांचं वजन सारखंच. वरच्या उदाहरणात पहिल्या ढाबळीचं अंतर फक्त १२ मीटरनं जास्त भरलं, तर तिच्या कबुतराचा वेग १२०१.५२१ होतो आणि निकाल फिरतो. बारा मीटर म्हणजे परसाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची जागा. ढाबळीचं ठिकाण म्हणून घराच्या दाराचा बिंदू घेतला की मागच्या अंगणातल्या ढाबळीच्या दाराशी कबुतर उतरतं त्या फळीचा, एवढ्यावरूनही पहिला क्रमांक इकडचा तिकडे होऊ शकतो.

अक्षांशाचा एक सेकंद, म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग, जमिनीवर सुमारे ३१ मीटरचा असतो. पूर्वी नकाशावर पट्टी ठेवून ढाबळीचे अक्षांश-रेखांश काढत आणि ते जवळच्या पूर्ण सेकंदाला आणून ठेवत. तेवढ्यानेच दहा-पंधरा मीटरचा फरक पडे. नकाशा कुठल्या पायावर आखलाय यानेही फरक पडतो. ब्रिटनच्या जुन्या सरकारी नकाशांवरचे अक्षांश-रेखांश आणि आजच्या जीपीएसचे अक्षांश-रेखांश एकाच बिंदूसाठी घेतले, तर ते सुमारे शंभर मीटरनं वेगळे येतात. एका ढाबळीचा आकडा जुन्या नकाशावरून आणि शेजारच्या ढाबळीचा जीपीएसवरून घेतला, तर पाच सेकंदांपर्यंतचा अन्याय आधीच होऊन बसतो, कबुतर अजून पिंजऱ्यात असतानाच.

शिवाय पृथ्वी नेमकी गोल नाही, ध्रुवांपाशी ती किंचित चपटी आहे. तिला शुद्ध गोल धरून काढलेल्या अंतरात दर हजार मीटरमागे एखाद-दोन मीटरचा फरक सहज पडतो. चारशे किलोमीटरला हजारात एक म्हणजे चारशे मीटर, म्हणजे वीस सेकंद. भूमापनतज्ज्ञ थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली मांडलेली सूत्रं हा चपटेपणा हिशेबात धरतात आणि भूमापनात ती सर्रास वापरली जातात. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सगळी अंतरं एकाच प्रमाणात चुकली, तर सगळे वेग त्याच प्रमाणात बदलतात आणि क्रम तसाच राहतो. घात करते ती असमान चूक. ढाबळी वेगवेगळ्या दिशांना पसरलेल्या असल्या की गोल धरलेल्या पृथ्वीची चूक प्रत्येक दिशेला वेगळी पडते.

आता तिसऱ्या दशांश स्थळाकडे पाहू. आपल्या उदाहरणात वेगातला ०.००१ चा फरक म्हणजे वेळेतला सेकंदाचा सुमारे अठ्ठावन्नावा भाग, किंवा अंतरातले ३४ सेंटिमीटर. घड्याळ पूर्ण सेकंद नोंदवतं आणि साधं जीपीएस तीन ते पाच मीटरपर्यंत अचूक असतं. म्हणजे निकालपत्रातला तिसरा अंक मोजमापातून आलेला नाही, तो भागाकारातून आलाय. माझं स्पष्ट मत आहे की एका सेकंदाने वेगात जेवढा फरक पडतो त्याच्या आतली कबुतरं बरोबरीची मानावीत आणि त्यांची बक्षिसं एकत्र करून वाटावीत. वेगळा निकाल द्यायला मापांचा आधारच नाही. अंक दिसतोय म्हणून तो खरा मानणं हा दोन्ही कबुतरांवर अन्याय आहे.

वेळ नोंदवायची जुनी पद्धत मात्र बघण्यासारखी होती. शर्यतीआधी क्लबमध्ये कबुतराच्या पायात रबराची नंबराची रिंग चढवत. कबुतर घरी आलं की मालक त्याला हळूच धरी, रिंग ओढून काढी, टोपणासारख्या छोट्या धातूच्या नळीत घाली, नळी घड्याळाच्या भोकात टाकी आणि खटका दाबी. आतल्या कागदाच्या पट्टीवर तास, मिनिट, सेकंद छापले जात. तूले, बेन्झिंग अशा नावांची ही पेटीबंद घड्याळं ढाबळवाल्यांच्या घरोघरी असत. दोन कबुतरं बरोबर उतरली तर मोठी पंचाईत होई. एकाची रिंग काढेपर्यंत दुसऱ्याचे मोलाचे सेकंद जात, कारण माणसाला हात दोनच. त्याही आधी, घड्याळं परवडत नव्हती तेव्हा, पोरं कबुतर किंवा रिंग घेऊन गावातल्या घड्याळापर्यंत पळत आणि त्या पळण्याच्या वेळेची सूट हिशेबात धरली जाई.

घड्याळही पुढेमागे होतंच. म्हणून शर्यतीआधी सगळी घड्याळं मुख्य घड्याळाशी लावून सीलबंद करत आणि शर्यतीनंतर पुन्हा ताडून बघत. समजा, चोवीस तासांत एखादं घड्याळ बारा सेकंद पुढे गेलं आणि कबुतराची नोंद अठराव्या तासाला झाली. मग त्या वेळेतून नऊ सेकंद वजा करायचे. हिशेब सरळ आहे, पण घड्याळ सगळा वेळ एकाच चालीनं पुढे सरकलं हे त्यात गृहीत धरलंय. दुपारभर ते उन्हात राहिलं आणि रात्री गारठ्यात, तर ते तसं सरकत नाही.

आता पायात चिप असते. ढाबळीच्या दाराशी अँटेनाची पट्टी बसवलेली असते. चिपमध्ये बॅटरी नसते, पट्टीच्या चुंबकीय क्षेत्रात आली की तिला तिथूनच ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक कळवते. कबुतराला हात लावावा लागत नाही, घड्याळ उपग्रहाच्या वेळेशी जुळवता येतं आणि दोन कबुतरं लागोपाठ आली तरी दोघांची नोंद होते. मात्र एकाच क्षेत्रात दोन चिपा एकदम बोलू लागल्या तर संकेत एकमेकांत मिसळतात. म्हणून दार अरुंद ठेवतात आणि पट्टीचे वेगवेगळे भाग करतात, म्हणजे एका भागावर एका वेळी एकाच कबुतराचं पाऊल पडतं.

यंत्र कितीही चोख असलं तरी ते फक्त येण्याची वेळ सांगतं, कबुतर कसं आलं ते सांगत नाही. २०१७ साली चीनमध्ये हेनान प्रांतातून शांघायपर्यंतच्या शर्यतीत दोघांनी आपली कबुतरं दुधाच्या रिकाम्या खोक्यांत लपवून वेगवान रेल्वेनं आणली आणि शांघायला पोचल्यावर सोडली. नोंद बिनचूक झाली. पण कबुतराला शक्य नाही इतका वेग पाहून इतरांना संशय आला, आणि पुढच्या वर्षी न्यायालयानं दोघांना दोषी ठरवलं.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत रात्र आडवी येते. बार्सिलोनाहून ब्रसेल्स सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या वर आहे, आणि अंधारात कबुतरं सहसा थांबतात. त्यामुळे रात्रीचे ठरावीक तास उड्डाणाच्या वेळेतून वगळतात.

सरळ रेषेचं हे अंतर कबुतर उडालेलं नसतं, हेही सांगायला हवं. २००४ साली रोमजवळ घरी परतणाऱ्या कबुतरांवर जीपीएस बसवून केलेल्या अभ्यासात ती महामार्गांच्या कडेकडेनं उडताना आणि फाट्यांपाशी वळताना दिसली. शर्यतीतला वेग हा क्रम लावण्यासाठीचा आकडा आहे. कबुतर प्रत्यक्षात त्याहून जास्त अंतर कापतं, म्हणजे त्याहून वेगानंच उडालेलं असतं.

अंतराचा सगळा वाद मिटवायचा एक मार्ग निघालाय तो एकाच ढाबळीच्या शर्यतींचा. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या मिलियन डॉलर शर्यतीसारख्या स्पर्धांत देशोदेशीची पिल्लं एका ढाबळीत आणून वाढवतात आणि सगळी तिथेच परततात. अंतर सगळ्यांना सारखं, मोजायची ती फक्त वेळ. पण इथे नवीच अडचण उभी राहते. सोबत वाढलेली कबुतरं थव्यानं येतात आणि छतावर एकदम उतरतात. हवेत त्यांच्यात काहीच अंतर नसतं, क्रम लागतो तो दारातून आत शिरताना. जे आधी उतरलं पण फळीवर रेंगाळलं, ते मागे पडतं. नियम तसाच आहे आणि सगळ्यांना तो आधीपासून ठाऊक असतो.

म्हणून जाणते लोक पंखांइतकीच दाराचीही तयारी करून घेतात. सरावाच्या उड्डाणाआधी पोटभर खायला घालत नाहीत, परतल्यावर डब्यातले दाणे खुळखुळवून किंवा ठरलेली शीळ घालून आत बोलावतात आणि दाणे फक्त आतच टाकतात. घराच्या कौलांवर अर्धा मिनिट बसून राहिलेलं कबुतर सहाशे मीटर गमावतं.