चेहरा पांढरा पडला नाही, म्हणजे रक्त कमी नाही?

‘चेहरा फिका पडला नाही, म्हणजे अंगात रक्त भरपूर आहे’ हा समज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या होस्टेलांत वर्षानुवर्षं ऐकू येतो. त्याला चित्रांचाही हातभार आहे. पाठ्यपुस्तकांत, भिंतीवरच्या तक्त्यांत आजारी माणूस बहुधा गोराच रंगवलेला असतो.

सावळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त असतं. त्याखाली रक्ताची लाली झाकली जाते, तसा फिकेपणाही झाकला जातो. म्हणून मेलॅनिन कमी असेल तिथे बघायचं. दिवसाच्या उजेडात खिडकीशी उभं राहा. पिवळ्या बल्बखाली हमखास फसगत होते. खालची पापणी बोटाने हळूच खाली ओढा. आतली पुढची कड मागच्या भागापेक्षा लालभडक दिसायला हवी. दोन्ही सारखेच फिके असतील तर शंका घ्या. मग जीभ आणि तळहाताच्या रेषा बघा, पण मेंदी असेल तर तळहात सोडा.

पापणी लाल दिसली तरी थोडी कमतरता निसटते. शिवाय डोळे आले असतील तर ती उगाच लाल दिसते. खरा निकाल हिमोग्लोबिनचा: बाईला 12, गरोदर बाईला 11, पुरुषाला 13 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली म्हणजे रक्तक्षय. जिना चढताना धाप लागणाऱ्या मुलीला ‘दिसतेस तर छान’ म्हणून परत पाठवू नका, रक्त तपासून घ्या.