निकस माती वेगळी, दूषित माती वेगळी

जुन्या घरामागे किंवा रस्त्याकडेच्या जागेत भाजी लावू का असं कुणी विचारलं की लगेच चार जण सांगणार, शेणखत टाक, जीवामृत घाल, माती सुधारते. अहो पण तिला झालंय काय ते तरी बघा आधी!

निकस मातीचं तुम्हाला सांगायला नको, कस गेलेला, सेंद्रिय कर्ब नाही, रोपं पिवळी नि खुरटी. कंपोस्ट घालत राहिलं की येते ताळ्यावर.

दूषित मातीचं तसं दिसतच नाही. शिसं असलेल्या मातीत पण पालक हिरवागार येतो आणि इथंच सगळे फसतात, "एवढी छान भाजी येतेय म्हणजे माती चांगलीच असणार की". नाही हो, जेवढ्या शिशाने रोपाचं काही बिघडत नाही तेवढं लहान पोराला बाधू शकतं. आणि शिसं काही कुजत नाही. शिसंवालं पेट्रोल आपल्याकडे 2000 साली बंद झालं, पण तोवर रस्त्याकडेच्या मातीत बसलेलं शिसं बरंचसं अजून वरच्याच थरात आहे. भिंतींचा खरवडलेला जुना ऑइलपेंट जिथं पडला, जुन्या बॅटऱ्या जिथं फोडल्या, तिथंही तेच.

"पण आमचा माती परीक्षणाचा रिपोर्ट चांगला आलाय" हे ऐकलं की मी कपाळाला हात लावतो. मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे त्या सरकारी माती परीक्षणाच्या रिपोर्टात, 12 गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. शोधा यात शिसं. कॅडमियम, म्हणजे शिशासारखाच दुसरा विषारी धातू, तोही नाही. ती पत्रिका पिकाला काय कमी पडतंय ते सांगते, तुमच्या पोटात काय जाईल ते नाही. लॅबला हेवी मेटलची, म्हणजे अशा जड धातूंची टेस्ट वेगळी सांगावी लागते. आकडा कसा वाचायचा म्हणाल तर अमेरिकेत घराभोवतीच्या मातीसाठी शिशाची सावधगिरीची पातळी 400 पीपीएम (दहा लाख भाग मातीत 400 भाग शिसं) होती, 2024 मध्ये ती 200 वर आणली.

कंपोस्ट वाया जातं असं नाही, शिसं थोडं बांधून ठेवतं, पण काढून टाकत नाही. शिसं फळात फार चढत नाही, खरा धोका चिकटलेल्या मातीचा आणि धुळीचा, म्हणून वांगी-टोमॅटो त्यातल्या त्यात बरे, मुळा-गाजर आणि पालेभाज्या नकोच. कॅडमियमचं वेगळं, ते मुळातून पानात चढतं, मग भाजी मिठाच्या पाण्यात कितीही बुडवा.

मी तर संशय आला की सरळ ड्रम नाहीतर ग्रो बॅग वापरतो. फक्त विकतची लाल माती कुठून खणून आणलीय ते टेम्पोवाल्याला विचारून घ्या.