मिश्री (मशेरी)

भाजून काळी केलेली आणि मग कुटून बारीक केलेली तंबाखू म्हणजे मिश्री. ती बोटावर घेऊन दातांना आणि हिरड्यांना लावतात. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, गोवा आणि मुंबईतल्या कष्टकऱ्यांच्या वस्त्या या भागांत तिची सवय जुनी आहे. कोणी मशेरी म्हणतात, कोणी मिसरी. हिंदीतली मिश्री म्हणजे खडीसाखर. तिच्याशी हिचा संबंध नाही. उत्तर भारतातले गुल आणि छत्तीसगड-ओडिशातला गुडाखू ही मात्र हिचीच भावंडे.

तंबाखू भारतात आली ती पोर्तुगीजांबरोबर, पश्चिम किनाऱ्याने. सोळाव्या शतकाअखेरपर्यंत ती विजापूरच्या आदिलशाहीत पोहोचली होती. अकबराच्या दरबारात ती पहिल्यांदा गेली तीही विजापूरहूनच. पुढे पुरुषांच्या वाट्याला चिलीम, विडी आणि चुन्याची चिमूट आली. बाईने चारचौघांत विडी ओढणे समाजाला खपत नव्हते. दात घासायला मात्र कोणाची हरकत नव्हती, आणि त्याच वाटेने तंबाखू घराघरांतल्या बायकांपर्यंत गेली.

मिश्री पुष्कळदा घरीच होते. तंबाखूची पाने लोखंडी तव्यावर किंवा पत्र्यावर टाकून काळी पडेपर्यंत भाजतात. त्या वेळी असा ठसका उठतो की शेजारच्या घरातही खोकला सुरू होतो. पाने हाताने चुरून पूड करतात आणि डबीत भरून ठेवतात. सकाळी उठल्यावर एकदा लावायची, एवढ्यावर सवय सुरू होते. मग दुपारच्या जेवणानंतर, मग रात्री झोपताना. काही जणी ती बराच वेळ तोंडात तशीच राहू देतात. सुरुवात बहुधा दाढदुखीने होते: मिश्रीने हिरडी बधिर होते, ठणका कमी वाटतो आणि घरातली मोठी बाईच डबी पुढे करते. कीड मात्र आत वाढतच राहते.

या नोंदीत मिश्रीला दंतमंजन म्हटलेले नाही, ते जाणूनबुजून. मिश्रीचे सर्वांत मोठे बळ त्या दंतमंजन या नावातच आहे. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर मिश्री लावणारी बाई अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकते, कारण ती खात नाही, दात घासते. म्हणून ‘दात कशाने घासता?’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मुंबईत सुमारे एक लाख प्रौढांची घरोघरी जाऊन पाहणी झाली. तीत ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. जवळजवळ सगळ्या बिनधुराची तंबाखू वापरत होत्या आणि त्यांत मिश्रीचे प्रमाण मोठे होते. विडी-सिगारेटकडे पाहून तंबाखूचा हिशेब मांडणाऱ्याला यातली जवळजवळ एकही बाई दिसली नसती.

मिश्रीतली कर्करोगकारक द्रव्ये दोन वाटांनी येतात. पहिली वाट पानातच आहे. तंबाखू वाळवताना, मुरवताना आणि साठवून ठेवताना तिच्यातल्या निकोटिनसारख्या अल्कलॉइडांपासून नायट्रोसअमाइन वर्गातली संयुगे तयार होतात. त्यांतली एनएनएन आणि एनएनके ही दोन सर्वांत घातक. दुसरी वाट तव्यावरची. सेंद्रिय पदार्थ अर्धवट जळला की बहुवलयी हायड्रोकार्बने तयार होतात. बेंझोपायरीन हे त्यांतले सर्वांत परिचित. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचे खापर काजळीवर फोडले, तेव्हा काजळीत नेमके काय असते हे कोणालाच माहीत नव्हते. जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर लावून १९१५ मध्ये कर्करोग घडवून दाखवला. पुढे १९३०च्या दशकात डांबरातून बेंझोपायरीन वेगळे काढले गेले. म्हणजे नुसत्या तंबाखूत जे विष असते ते मिश्रीत असतेच, वर भाजण्याची भर पडते. भाजल्याने तंबाखू ‘मरते’, सौम्य होते, हा समज उलटा आहे.

एनएनके शरीरात गेले की लगेच अपाय करते असे नाही. पेशींमधली विकरे (एन्झाइम) त्याचे रूपांतर करतात आणि त्यातून निघालेले क्रियाशील रेणू डीएनएला चिकटतात. पेशी असे बिघाड दुरुस्त करत असते. पण दिवसातून तीन-चार वेळा, वीस-पंचवीस वर्षे हा मारा चालला की काही चुका तशाच राहून जातात. त्यांतली एखादी पेशीविभाजनाला आवर घालणाऱ्या जनुकात पडली की पेशी बेबंद वाढू लागते. ‘आमच्या आजीने नव्वदीपर्यंत लावली, तिला काही झाले नाही’ हे म्हणणे अनेकदा खरेही असते. कर्करोगकारक पदार्थ धोका वाढवतो, प्रत्येकाला रोग देतोच असे नाही. आणि कोणाची पेशी कधी चुकेल हे आधी सांगता येत नाही.

फ्रान्समधल्या लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था पदार्थांचे गट पाडते. माणसात कर्करोग घडवतात हे पुरते सिद्ध झालेले पदार्थ गट १ मध्ये येतात. बिनधुराची तंबाखू, एनएनएन, एनएनके आणि बेंझोपायरीन ही सर्व याच गटात आहेत. सुपारीही आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. बिनधुराच्या तंबाखूने तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, असा या संस्थेचा निष्कर्ष आहे. मात्र हे गट पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगतात, धोका किती मोठा हे सांगत नाहीत.

मिश्रीचा परिणाम लावणारीपुरता राहत नाही. निकोटिन वारेतून गर्भापर्यंत जाते. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू, त्यातही प्रामुख्याने मिश्री, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूतीही काही दिवस आधी झाल्या. दोन-अडीच किलोच्या बाळाला शंभर ग्रॅम थोडे नसतात.

दातांच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी आणली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावरही बंदी आहे. पण तंबाखूचे पान विकत आणून घरच्या तव्यावर भाजणाऱ्या बाईपर्यंत यातला एकही कायदा पोहोचत नाही. पुडीवरचा धोक्याचा इशाराही पुडीसोबत फेकला जातो. डबीवर काहीच लिहिलेले नसते.

तोंडाच्या कर्करोगाआधी पुष्कळदा खुणा दिसतात: हिरडीवर किंवा गालाच्या आतून पुसता न येणारा पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट न सोसणे, कारण नसताना हलणारा दात. सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे दाखवायला उशीर होतो. आरशासमोर उजेडात ओठ आणि गाल ओढून पाहायला दोन मिनिटे लागतात. संशय आला तर दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात लगेच दाखवावे. सवय सुटल्यावर काही पांढरे चट्टे मागे हटतात.

सोडणे अवघड जाते ते बहुतेकींना एका कारणाने, आणि त्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही: मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. हा मनाचा खेळ नाही. निकोटिन आतड्यांना चालना देते आणि ते थांबले की काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकते. जोडीला डोके दुखते, चिडचिड होते. हे आधीच सांगितले, भरपूर पाणी, पालेभाज्या आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने सारक दिले, तर हा काळ निभावतो. दाढ दुखत असेल तर तिच्यावर आधी उपचार करावा लागतो, नाहीतर डबी परत उघडली जाते. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन विनामूल्य मिळते.